अण्णांच्या लिव्हरमध्ये पू झाला, तो शुगरमुळे का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे वडील, अण्णा, 54 वर्षांचे आहेत, नऊ वर्षांपासून शुगर आहे. गेल्या महिन्यात थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सोनोग्राफीत लिव्हरमध्ये 7 सेंमीचं गळू निघालं. नळी घालून पू काढला, रक्त तपासून अमिबाचं आहे म्हणाले. तेव्हा शुगर 340 आणि एचबीएवनसी 10.2 होतं, इन्शुलिन चालू केलंय. जुलाब तर कधी झालेच नाहीत, मग जंत लिव्हरमध्ये पोचले कसे? शुगरमुळे झालं का? लिव्हर कायमचं खराब झालं का?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, आधी एक सांगते, हे जंत नाहीत. अमिबा हा एकाच पेशीचा जीव, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाज्यांवरून पोटात जातो आणि मोठ्या आतड्यात राहतो. बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, पण काहींच्यात आतड्याचं अस्तर पोखरून रक्तात शिरतो, आणि आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडेच जातं ना, म्हणून गळू तिथे होतं, बहुतेक वेळा उजव्या भागात. जुलाब नसणं अगदी कॉमन आहे. पेशंट उजवीकडे वाकून, बरगडीवर हात धरून दारातून आत येतो, दोन बरगड्यांच्या मध्ये बोटाने नुसतं दाबलं तरी कळवळतो. पू चॉकलेटी रंगाचा, फारसा वास नसलेला, तुम्ही पिशवीत बघितला असेलच.

आता शुगरचं. अमिबा आला पाण्यातूनच, शुगरने तो आणला नाही. पण शुगर सतत वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, त्यामुळे इन्फेक्शन बळावतं आणि लवकर आटोक्यात येत नाही. बॅक्टेरियामुळे होणारं लिव्हरचं गळू तर डायबेटिसवाल्यांमध्ये कितीतरी जास्त दिसतं, म्हणूनच पू आणि रक्त दोन्ही तपासतात. आणि उलटंही होतं, ताप आला की शरीर कॉर्टिसोलसारखे हार्मोन सोडतं, लिव्हर साखर बाहेर टाकायला लागतं आणि शुगर उसळते. पण एचबीएवनसी 10.2 म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी आहे, ती आठ दिवसांच्या तापाने एवढी होत नाही, म्हणजे अण्णांची शुगर आधीपासूनच हाताबाहेर होती आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं. इन्शुलिन कायमचं असेलच असं नाही, इन्फेक्शन गेल्यावर बऱ्याच जणांचं कमी होतं किंवा बंदही होतं, फक्त घरच्या घरी बंद करू नका.

लिव्हर भरून येतं. सोनोग्राफीत पोकळी काही महिने दिसत राहते, त्याने घाबरू नका, ताप-दुखणं नसेल तर ती हळूहळू बुजते. पण शुगरवाल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली असते बऱ्याचदा, ती काही दुखत नाही आणि वर्षानुवर्षांत लिव्हर कडक करून टाकते, तेव्हा गळू बुजल्यावर त्यासाठी वेगळी तपासणी करून घ्या.

लोक नेमके कुठे चुकतात ते सांगते. अमिबा मारणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी तोंड कडू-धातूसारखं होतं, ताप उतरलेला असतो, मग कोर्स अर्धवट सोडतात. तो पूर्ण करायचाच, त्या काळात दारूचा थेंबही नको. आणि त्यानंतर आतड्यात उरलेल्या अमिबासाठी डिलोक्सॅनाइडसारखी दुसरी गोळी लागते, साधारण दहा दिवस. चिठ्ठीवर ती आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण ती राहिली तर गळू परत होऊ शकतं. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. पाणी उकळूनच प्या, क्लोरीनच्या नेहमीच्या डोसला अमिबाची अंड्यांसारखी कवचातली रूपं दाद देत नाहीत.

परत ताप आला, धाप लागली, छातीत किंवा खांद्यात दुखायला लागलं किंवा पोट एकदम कडक झालं तर सकाळची वाट बघू नका, अण्णांना त्याच रात्री दवाखान्यात न्या, गळू फुटलेलं असू शकतं.