मेळघाटात कॅम्पिंगसाठी टॅक्टिकल शॉर्ट स्वोर्ड घ्यावी का?

घेऊ नका.

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात चिखलदरा-सेमाडोहकडे राहायला जायचंय, ऑनलाइन १८ इंची काळ्या पात्याची दुधारी शॉर्ट स्वोर्ड, म्हणजे आखूड तलवार, पाहिलीय, तर लाकूड तोडणं आणि जनावरांपासून संरक्षण ही दोन्ही कामं त्या एकाच वस्तूत भागतील का. एकही भागणार नाही. मी लोहाराच्या घरात वाढलोय, आमचं गाव परतवाड्याच्या अलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, आणि हीच वस्तू आमच्या शेतात चालवून झालेली आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एका दिवाळीला बहीण आणि भाऊजी आले होते. भाऊजी नागपूरला नोकरीला, ट्रेकिंगची हौस. सोबत तलवार आणली होती: दोन्हीकडून धार, टोक भाल्यासारखं, रबरी मूठ, नायलॉनची म्यान. त्या दिवसांत आमच्याकडे जागल असते, कारण नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्याचं बी रानडुकरं उकरून खातात. त्या दिवशी बांधावरच्या काट्याच्या कुंपणाला डुकरांनी भगदाड पाडलं होतं. बाभळीच्या फांद्या तोडून ते बुजवायचं आणि रात्रीच्या शेकोटीला लाकूड फोडायचं, एवढंच काम होतं. भाऊजी म्हणाले, मी करतो.

बोटाएवढ्या ओल्या फांद्या तलवारीनं सपासप उडवल्या, हे मान्य. मनगटाएवढी वाळकी फांदी आली आणि काम अडलं. पातं लाकडात थोडं शिरायचं आणि अडकायचं, नाहीतर उसळून मागे यायचं. आता दुधारी पातं उसळून मागे येतं म्हणजे काय होतं याचा विचार करा. बाबांनी त्यांचा हात धरला. "जवाईबापू, थांबा. मांगची धार तुमच्याच कपायाकडे हाये."

मग ओंडका फोडायची वेळ आली. जाड पाठीचा कोयता असता तर तो ओंडक्यावर टेकवून पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकला असता, ओंडका उभा चिरला असता. दुधारी हत्याराला पाठच नसते. ठोकायचं कुठं? बारीक कामाला पाठीवर अंगठा तरी कुठं टेकवायचा? मुठीपुढची आडवी पट्टी लढाईत बोटं वाचवते, पण पात्याच्या मुळाशी धरून खुंटी तासायची म्हटली की तीच आड येते. शेवटी बाबांनी कुऱ्हाड घेतली, ओंडके फोडले आणि तिच्याच तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, कुंपणाच्या खुंट्या ठोकून दिल्या.

यात भाऊजींचा हात कच्चा होता असं मी म्हणणार नाही. हत्याराचा तोलच वेगळा असतो. तलवारीचं वजन मुठीजवळ ठेवतात, कारण ती झटकन फिरवता आली पाहिजे, परत आणता आली पाहिजे. लाकूड तोडायला वजन पुढे लागतं, मारणाऱ्या टोकाशी. कुऱ्हाडीचं सगळं लोखंड दांड्याच्या शेंड्याला असतं आणि तिच्या फुगीर गालांमुळे लाकूड फाकतं. तलवारीचं चपटं पातं तिथंच रुतून बसतं.

हे सगळं डोळ्यांदेखत होऊन रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, भाऊजी म्हणाले, "मामाजी, तुमची कुऱ्हाड शेवटी भंगारातल्या ट्रकच्या पाट्याची. हे हाय कार्बन स्टील आहे. याची सर तिला येणार नाही." बाबा गप्प राहिले. घरच्या जावयाला ताटावर कोण उलटून बोलणार? आईनं डोळ्यांनी दाबलं म्हणून मीही गप्प राहिलो. पुढे प्रत्येक लग्नात, बारशात हे वाक्य ऐकत आलोय, म्हणून आज इथं लिहितो.

परदेशातल्या चांगल्या मजबूत तलवारी ज्या पोलादाच्या बनवतात त्यातलं एक नावाजलेलं पोलाद म्हणजे ५१६०. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्का आणि थोडं क्रोमियम असतं. ते मुळात गाड्यांच्या कमानपाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचं, पोलाद आहे! आपल्याकडच्या पाट्यांत सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टीलही असतं, त्यातही कार्बन त्याच आसपास. म्हणजे ज्याला भंगार म्हटलं, तेच पोलाद दुसरीकडे छापील डब्यात घालून महाग विकतात. १०९५ नावाच्या दुसऱ्या पोलादात कार्बन ०.९५ टक्क्याच्या आसपास असतो, धार जास्त टिकते, पण ते जास्त ठिसूळ. लांब पात्यानं गाठीच्या लाकडावर घाव घालायचे असतील तर मी पाट्याचंच पोलाद घेईन.

आणि पोलादाचं नाव म्हणजे अर्धीच गोष्ट. उरलेलं सगळं पाणी देण्यात, म्हणजे तापवून विझवण्यात, आहे. बाबा धारेकडची बाजू लाल करून फक्त धार विझवायचे, मग मागे राहिलेली ऊब धारेकडे सरकू द्यायचे. घासून चकचकीत केलेल्या धारेवर गव्हाळ रंग चढला की पुन्हा पाण्यात. त्यामुळे धार कडक राहते, मागचं अंग मऊ, आणि घाव बसला तरी पातं तडकत नाही. तापलेल्या लोखंडाच्या लालीचा अंदाज दुपारच्या उन्हात येत नाही म्हणून भट्टी कायम अंधाऱ्या कोपऱ्यात. हे ज्ञान इथलं आहे आणि जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांतून (प्राचीन दफनांभोवतीच्या दगडी कड्यांतून) लोखंडी कुऱ्हाडी निघाल्यात. विदर्भातल्या लोहाराला कुणी पोलाद शिकवायला येऊ नये.

आता तुमच्या कामाचं. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत तलवारी, खंजीर आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. शेतात कुऱ्हाड घेऊन जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण गाडीत टॅक्टिकल तलवार सापडली तर 'कॅम्पिंगला चाललोय' एवढं सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा, हत्यार बाळगायला मनाई करणारा आदेश असतो, तेव्हा तर आणखी कठीण. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३१ लागतं: लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जायचं नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, लाकूड तोडता येत नाही, जाळ करता येत नाही. सेमाडोह, कोलकासला वन विभागाची राहायची सोय आहे, तिथं बुकिंग करा.

जनावरांचं म्हणाल तर अस्वल अंगावर आलं की म्यानाचं बटण काढेपर्यंत ते पोचलेलं असतं. आमच्याकडचे गुराखी मोठ्यानं बोलत, काठी आपटत चालतात, म्हणजे अस्वलाला आधीच कळतं आणि ते बाजूला होतं. रात्री चांगली बॅटरी, एकट्यानं फिरणं नाही, झुडपाजवळ वाकून बसणं नाही. यातलं एकही काम तलवार करत नाही.

जंगलाबाहेर, कुणाच्या शेतात परवानगीनं राहणार असाल तर चार-पाच इंची फुल टँग (पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेला) चाकू, घडीची करवत आणि हलकी कुऱ्हाड पुरे. वाळक्या फांदीला करवतीसारखं दुसरं काही नाही. कुऱ्हाड अचलपूर-परतवाड्याकडच्या लोहाराकडून घ्या, धावड्याचा किंवा तिवसाचा दांडा मागा. सगळेच लोहार चांगले नसतात, काही जण साध्या मऊ पट्टीची कुऱ्हाडही देतात. कानस घासून पाहा: धारेवर जेमतेम चावली पाहिजे, मागच्या अंगावर सहज.

एक राहिलं. एकधारी, पाच-सहा मिलिमीटर जाड पाठीची आणि वजन पुढे असलेली शॉर्ट स्वोर्डही मिळते. ती कोयत्यासारखं काम देते, रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं साफ करायला तर चांगलीच. तुमच्या मालकीची जमीन असेल आणि कायद्याचं तिथल्या पोलीस ठाण्यात विचारून घेतलं असेल तर ती घ्यायला माझी हरकत नाही. काळा लेप खरवडला गेला की तिथं गंज धरतो, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवत राहा. दुधारी मात्र कुठल्याच कामाला नको, आणि भाऊजी हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे.