सोल आणि फंकच्या दुर्मीळ रेकॉर्ड्स जमवायला सुरुवात कुठून करावी? आणि एका सात इंची तबकडीला लोक लाखो रुपये का देतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात राहता, हिंदी चित्रपटसंगीताच्या एलपी जमवून झाल्या आहेत आणि आता साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन सोल-फंककडे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्या-नाचाच्या संगीताकडे, वळायचंय. मी ओहायोत राहतो आणि बरीच वर्षं याच रेकॉर्ड्सच्या मागे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण लाखो रुपये का लागतात हे कळलं की सुरुवात कुठून करायची तेही कळतं.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण फ्रँक विल्सनचं. १९६५ साली मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या ‘सोल’ या उपलेबलसाठी (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी छाप) त्याने ‘डू आय लव्ह यू’ हे गाणं गायलं. प्रचारासाठी थोड्या प्रती छापल्या गेल्या, मग प्रकाशनच रद्द झालं आणि बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. विल्सन गाण्याऐवजी निर्मितीकडे वळला. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. पण नुसत्या दुर्मीळपणाने एवढी किंमत येत नाही. कुणी न ऐकलेल्या, शंभरेक प्रतींच्या रेकॉर्ड्स इथे डॉलरला एक अशा पडून असतात. किंमत आली इंग्लंडमुळे.

उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत सत्तरच्या दशकात तरुण मुलं रात्र रात्र जागून अमेरिकेत न चाललेल्या सोलच्या रेकॉर्ड्सवर नाचत होती. विगन कॅसिनो हा त्यातला सर्वांत गाजलेला क्लब, १९७३ ते १९८१ चालला. या सगळ्या प्रकाराला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव पडलं. डीजेंमध्ये चुरस एवढी की तबकडीच्या मधल्या छापील लेबलवर कोरा कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगायचे, म्हणजे दुसऱ्याला ती रेकॉर्ड शोधता येऊ नये. विल्सनचं गाणंही तिथे आधी एडी फॉस्टर या भलत्याच नावाने वाजलं. पुढे लंडनमध्ये ‘रेअर ग्रूव्ह’ची (दुर्मीळ जुनी नाचाची गाणी) आणि मग ‘डीप फंक’ची (अनोळखी, कडक फंक) लाट आली. इकडे हिपहॉप करणाऱ्यांनी ड्रमचे तुकडे उचलण्यासाठी जुने ढीग उपसले. कॅलिफोर्नियात लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली केलेल्या, गाड्यांचे शौकीन संथ, गोड प्रेमगीतांच्या मागे लागले, तेव्हा एके काळी कवडीमोल असलेल्या त्या रेकॉर्ड्सही वर चढल्या.

मला यातून जे समजलं ते असं: किमतीच्या यादीत गाण्याची गुणवत्ता नोंदलेली नसते, कोणत्या गावातले लोक कशावर नाचले ते नोंदलेलं असतं. म्हणून नवख्या माणसाने ती यादी समोर ठेवून जमवायला घेणं मला अजिबात पटत नाही. पैसे संपतात आणि कान तयार होत नाही. त्यापेक्षा एक शहर धरा, नाहीतर एखादं लहानसं लेबल धरा, आणि त्याच्या मुळाशी जा.

या रेकॉर्ड्स चालल्या का नाहीत, हे पाहिलं की शहर का धरायचं ते पटेल. एखादा स्थानिक रेडिओवाला किंवा दुकानदार लेबल काढायचा, गावातल्याच पोरांना स्टुडिओत न्यायचा आणि पाचशे-हजार प्रती छापायचा. त्यातल्या काही रेडिओ स्टेशनना, काही ज्यूकबॉक्सवाल्यांना (नाणं टाकून गाणं वाजवायची यंत्रं ठेवणाऱ्यांना) जायच्या. गाणं आपटलं तर खोकी तळघरात. आणि चाललं तर आणखी कठीण! मागणी आली की लगेच जास्त प्रती छापायला पैसा हवा, आणि वितरक तर आधीच्या मालाचे पैसे महिनोन्महिने लटकवून ठेवायचा. अर्धवट चाललेल्या गाण्यानेच बुडालेली लेबलं कमी नाहीत. म्हणजे गाण्यात खोट नव्हती, ते गावाबाहेर पोचलंच नाही. अशा गाण्याचा शोध घ्यायचा तर गावातच घ्यावा लागतो.

माझं गाव म्हणजे ओहायोचं कोलंबस. इथे बिल मॉस नावाच्या रेडिओ डीजेने १९७० च्या सुमारास ‘कॅपसोल’ हे लेबल काढलं. काही वर्षांत जेमतेम डझनभर सिंगल्स (बाजूला एक गाणं असलेल्या तबकड्या) आणि फोर मिंट्स या गटाची एक एलपी, एवढाच त्याचा पसारा. मॉस पुढे शहराच्या शाळा मंडळावर निवडून आला. लेबल विस्मरणात गेलं. २००४ मध्ये शिकागोच्या ‘न्यूमेरो ग्रुप’ने आपलं पहिलंच प्रकाशन म्हणून कॅपसोलचं संकलन काढलं आणि जगाला ते कळलं. त्यात मॅरियन ब्लॅकचं ‘हू नोज’ ऐका. आवाजात घाई नाही, मागे वाद्यं अगदी मोजकी, आणि माणूस जणू स्वतःशीच बोलतोय. आरजेडी२ या इथेच वाढलेल्या निर्मात्याने त्याचाच तुकडा घेऊन २००२ मध्ये नवं गाणं बांधलं. एका शहरातलं गाणं तीस वर्षांनी त्याच शहरातल्या पुढच्या पिढीच्या हाती लागलं, हे मला कुठल्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

ओहायोतल्याच सिनसिनाटीत ‘किंग’ ही रेकॉर्ड कंपनी होती, १९४३ ची. ध्वनिमुद्रण, तबकड्यांची छपाई, कव्हरं, सगळं एकाच आवारात. गायक जेम्स ब्राउनने ‘कोल्ड स्वेट’ हे गाणं १९६७ मध्ये तिथेच ध्वनिमुद्रित केलं. त्याच शहरात ‘राइट’ नावाचा छपाई कारखाना होता. पैसे भरा आणि रेकॉर्ड छापून घ्या, असा त्यांचा धंदा. चर्चची गायकमंडळं, शाळेचे बँड, हौशी गायक, सगळे तिथे यायचे. क्लीव्हलँडमध्ये टॉमस आणि लुईझ बॉडी या कृष्णवर्णीय दांपत्याने स्वतः जुळवलेल्या यंत्रांवर स्टुडिओ आणि छपाई दोन्ही चालवलं, तेही सामान्य माणसाला परवडेल अशा दरात. ओहायोतल्याच डेटन शहराचा फंक मात्र ओहायो प्लेयर्ससारख्या गटांमुळे मोठ्या कंपन्यांनी उचलला, त्यामुळे तो माल कुठेही स्वस्तात मिळतो. सुरुवातीला जरूर घ्या, ऐकायला उत्तमच आहे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: चर्चच्या रेकॉर्ड्स सोडू नका. लोक लेबलवर गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं) पाहिलं की पुढे सरकतात. पण सत्तरच्या दशकातल्या गावोगावच्या चर्च बँडमधली पोरं शनिवारी क्लबमध्ये आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायची. बास आणि ड्रम तेच, शब्द फक्त देवाचे. हा माल अजूनही तुलनेने स्वस्त आहे आणि त्यात खरोखर थरारून टाकणारं संगीत आहे.

आता रेकॉर्ड हातात घेतल्यावर काय बघायचं. शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो त्याला डेड वॅक्स म्हणतात. तो दिव्याखाली तिरका धरा. तिथे कोरलेले किंवा ठोकलेले आकडे म्हणजे त्या तबकडीची जन्मपत्रिका. राइटच्या रेकॉर्डवर त्यांचा क्रमांक असतो आणि त्यावरून साधारण साल काढता येतं. लेबलवर तारीख नसली तरी चालतं. नकली प्रत ओळखायलाही हाच पट्टा कामाला येतो: मूळ प्रतीवर ठोकलेला शिक्का असेल आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर हाताने खरडलेले आकडे असतील, तर थांबा आणि चौकशी करा. नॉर्दर्न सोलच्या नकला सत्तरच्या दशकापासून निघताहेत, त्यामुळे नकलाही आता जुनाट दिसतात.

दुसरं, ती व्हायनिलची आहे की स्टायरीनची ते पाहा. अमेरिकेतल्या पुष्कळ सात इंची, ४५ आरपीएम तबकड्या स्टायरीन या कडक प्लास्टिकच्या होत्या. व्हायनिलमध्ये लेबल तबकडीबरोबरच दाबलं जातं, स्टायरीनवर ते बहुतेक वेळा नंतर चिकटवलेलं असतं. कडेला नखाने टिचकी मारली तर स्टायरीन टणक वाजतं. स्टायरीन जड सुईने फार लवकर झिजतं. वरून चकचकीत दिसतं आणि वाजवलं की नुसती खरखर! रेडिओवाले गाण्याची सुरुवात पकडण्यासाठी तबकडी मागेपुढे फिरवायचे, त्यामुळे पहिले दोन-तीन सेकंद फुसफुस येते आणि मग आवाज स्वच्छ होतो. विक्रेत्याला नेमकं हेच विचारा: सुरुवातीला फुसफुस आहे का, आणि ज्यूकबॉक्समधून आलेली आहे का? स्टायरीनला धुताना लेबल अजिबात ओलं करू नका, सुटून येतं.

ऑनलाइन प्रतवारीत नवखे एका ठिकाणी हमखास फसतात. ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) म्हणजे शब्दशः ‘खूप छान’, पण प्रत्यक्षात ती प्रत दर मिनिटाला कुरकुरते. ऐकण्यासाठी घ्यायची तर व्हीजी प्लस या वरच्या प्रतीच्या खाली शक्यतो जाऊ नका. फारच दुर्मीळ असेल तेव्हाच तडजोड करा. संकेतस्थळं तीन: डिस्कॉग्सवर मागची विक्री पाहा, पॉपसाइकवर जुन्या लिलावांचे भाव पाहा, ४५कॅटवर लेबलांचे फोटो जुळवून घ्या.

लेबलवर पेनने नाव लिहिलेलं असेल तर भाव पडतो. मी मात्र अशा प्रती आवडीने घेतो. घरगुती पार्ट्यांना सगळे आपापल्या रेकॉर्ड्स घेऊन जायचे आणि परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून नाव टाकायचे. माझ्याकडे एका सिंगलवर निळ्या शाईत एका मुलीचं नाव आहे, खाली तिच्या शाळेचं नाव, आणि बी बाजूला टपोऱ्या अक्षरात ‘हे वाजवा’. बी बाजूच जास्त झिजलेली आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं, ए बाजू ठीकठाकच आहे.

पुण्यात बसून मागवायचं असेल तर एकेक रेकॉर्ड मागवू नका, टपालखर्चच रेकॉर्डपेक्षा जास्त होतो. एकाच विक्रेत्याकडे यादी साठवा, आठ-दहा जमल्या की एकदम घ्या, आणि बोली लावण्याआधीच कस्टम्सचा खर्च धरून हिशेब करा. सात इंचींना मधलं भोक मोठं असतं, त्यामुळे ॲडॅप्टर लागेल. गोल टोकाची सुई स्टायरीनला जास्त मानवते.

आणि मूळ प्रतींच्या आधी अधिकृत पुनर्मुद्रणं घ्या. त्यांच्या पुस्तिकांतली माहिती वाचूनच शहर निवडता येतं, आणि रीतसर परवाना घेतलेला असल्याने हयात गायकांना किंवा त्यांच्या घरच्यांना पैसे मिळतात, जे मूळ रेकॉर्डच्या लिलावातून त्यांना कधीच मिळत नाहीत. विनापरवाना नकला या एकाच कारणासाठी मी घरात येऊ देत नाही.

आपल्याकडचा धागा हवाच असेल तर मुंबईत जन्मलेल्या आशा पुथलीपासून सुरू करा. शास्त्रीय तालीम, मग न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनसोबत जॅझ, आणि १९७६ ची सीबीएस कंपनीची ‘द डेव्हिल इज लूज’ ही एलपी. तीमधलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या डान्स फ्लोअरवर गाजलं आणि रेअर ग्रूव्हवाल्यांनी डोक्यावर घेतलं. ती एलपी आणि कॅपसोलचं संकलन, पहिल्या खरेदीला एवढं पुरे. कोणतं शहर धरलंत ते खाली कळवा. ओहायोतलं असेल तर कोणती लेबलं शोधायची त्याची यादी मी देईन.