आधी दुसरी आणि चौथी मात्रा

प्रिय,

कॉलेजचा जॅझ बँड तू हाती घेतलास, फार बरं वाटलं. तू मागितलेल्या स्केलच्या याद्या मात्र मुद्दामच पाठवत नाही. मुलांना आधी एकत्र लय धरता येऊ दे, सोलोचं नंतर बघू.

पहिल्या तालमीला वाद्यं पेटीतच राहू देत. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्राचं मध्यम लयीतलं काही लाव आणि सगळ्यांना टाळ्या द्यायला सांग. आपली मुलं समेवर वाढलेली, टाळी हमखास पहिल्या मात्रेवर पडेल. ती दुसरीवर आणि चौथीवर न्यायची, पाय मात्र चारही मात्रांवर. मग मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेव आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी-चौथी मात्रा समजून 120 ची लय धरायला लाव. सुरुवातीला सगळे घसरतील, घसरू देत.

स्विंगचं, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचं, गणित सांगतात ते असं: एका मात्रेतल्या दोन स्वरांपैकी पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. मध्यम लयीत ते चालतं, पण लय वाढली की दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होत जातात. म्हणून ओळ आधी तोंडाने म्हणवून घे.

त्यानंतर ड्यूक एलिंग्टनचं 1942 चं 'सी जॅम ब्लूज'. त्याच्या धुनेत दोनच स्वर आहेत, जी आणि सी. काही वाद्यांवर लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो, म्हणून ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सला ते ए आणि डी, अल्टो सॅक्सला ई आणि ए असे लिहून दे, नाहीतर तालमीचा निम्मा वेळ त्या गोंधळातच जातो. आवर्तन बारा बारचं, एका बारात चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं. कॉर्ड अशा: सी-सेव्हनचे चार बार, एफ-सेव्हनचे दोन, पुन्हा सी-सेव्हनचे दोन, मग जी-सेव्हन आणि एफ-सेव्हनचा एकेक आणि शेवटी सी-सेव्हनचे दोन. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर गात हे सगळ्यांनी पाठ करायचं, ड्रमरनेसुद्धा.

पियानो वाजवणाऱ्याला भरगच्च कॉर्ड धरायची सवय असते. त्याला फक्त तिसरा आणि सातवा स्वर ठेवायला सांग. सी-सेव्हनमधले ई आणि बी-फ्लॅट अर्ध्या स्वराने खाली सरकले की एफ-सेव्हनचे ई-फ्लॅट आणि ए हाती येतात. दोन बोटं जराशी हलली आणि अख्खी कॉर्ड बदलली, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघ! गिटारवाल्याला फ्रेडी ग्रीन ऐकव. 1937 मध्ये तो बेसीकडे आला आणि 1987 मध्ये वारेपर्यंत, जवळपास पन्नास वर्षं, बारमागून बार चार ठोके देत राहिला. सोलो क्वचितच.

सोलोची वेळ आली की प्रत्येकाला त्याच दोन स्वरांत एक आवर्तन दे. दोन बार वाजवायचं, दोन बार थांबायचं, आणि त्या मोकळ्या जागेत बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. ही सवाल-जवाबाची रीत आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या श्रमगीतांतून आणि चर्चमधून जॅझमध्ये आली, हे मुलांना सांगच. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते. गोव्याच्या चर्चशाळांत शिकलेल्या आपल्या वादकांना नोटेशन वाचता येतच होतं, जॅझ त्यांनी ऐकून ऐकून उचललं.

प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड कर आणि पुढच्या वेळी आधी तीच ऐका. कोण चुकलं हे विचारू नकोस, बास ऐकू आला का एवढंच विचार. येत नसेल तर बासच्या अँपचा आवाज वाढवायचा नाही, बाकी सगळ्यांनी हळू वाजवायचं. पहिलं रेकॉर्डिंग मलाही पाठव, कसंही असलं तरी.