बायपासनंतर खोकताना छातीचं हाड ‘कट्ट’ वाजतं, हे नॉर्मल आहे का?

वडिलांच्या बायपासला दोन महिने झाले, खोकला आला की छातीत ‘कट्ट’ वाजतं आणि नातेवाईक म्हणतात, ‘हाड जुळतंय, वाजणारच.’ नातेवाइकांच्या भरवशावर राहू नका, सर्जनना दाखवा. माझ्याही छातीत बायपासनंतर असंच वाजायचं.

या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. ते बऱ्यापैकी धरायला 6 ते 8 आठवडे लागतात, पक्कं व्हायला 3 महिने, कधी त्याहून जास्त. तोवर सगळा भार तारांवर.

खरा प्रश्न आवाजाचा नाही, हाड हलतंय का याचा. माझ्या सर्जननी व्रणाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवली आणि म्हणाले, “खोका जोरात.” हाड हललं नाही, वाजत होती ती बरगडीची कूर्चा (बरगडीच्या टोकाचा मऊ, लवचिक भाग). माझ्याआधी तपासलेल्या काकांचं मात्र बोटाखाली सरकत होतं. जुनी शुगर, बिडी आणि न थांबणारा खोकला. सीटी स्कॅन करून त्यांना पुन्हा तारा घालाव्या लागल्या.

शुगरवाल्यांचं हाड रेंगाळतं याला आणखी एक कारण असू शकतं. बायपाससाठी छातीच्या आतली जी धमनी वापरतात, तीच या हाडाला रक्त पुरवते. डावी-उजवी दोन्ही घेतल्या असतील तर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून शुगर आटोक्यात हवीच, तंबाखू-बिडी पूर्ण बंद.

ताप, व्रणातून पू किंवा पाणी, वाढती लाली, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. जंतुसंसर्ग आत हृदयापर्यंत गेला तर जिवावर बेततं. वर हळद वगैरे लावत बसू नका.

हाड पक्कं होईपर्यंत खोकताना-शिंकताना उशी छातीशी घट्ट धरायला सांगा. उठताना हातांवर जोर नको. कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायचं. भरलेली बादली, दुकानाचं शटर, गाडी स्टँडवर लावणं, सगळं बंद. (आमच्याकडे शटरवरूनच रोज भांडण व्हायचं!) छातीला बांधायचा बेल्ट सर्जननी सांगितला असेल तरच.

सर्जनकडे जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. कुठल्या रक्तवाहिन्या वापरल्या ते त्यात लिहिलेलं असतं.