वाचक विचारतात : पॉलिग्राफला चकवता येतं का?

प्रश्न : 'संशयिताची पॉलिग्राफ चाचणी होणार' अशा बातम्या आपण वाचतो. सराईत गुन्हेगार जीभ चावून किंवा बुटात टाचणी ठेवून यंत्राला फसवतात म्हणे. यात तथ्य किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तथ्य आहे, पण टाचणी कधी टोचून घ्यायची हे कळलं तर. खोटं बोलताना शांत राहिलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पॉलिग्राफचा हिशेब तसा चालत नाही.

यंत्राला काय दिसतं ते आधी पाहू. श्वास टिपण्यासाठी छातीवर एक आणि पोटावर एक नळी बांधतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो, पण डॉक्टरांसारखा फुगवून लगेच सोडत नाहीत, साधारण 60-70 मिलिमीटरवर फुगलेलाच ठेवतात. हात बधिर व्हायला लागतो, म्हणून एक फेरी पाचेक मिनिटांत उरकावी लागते. दोन बोटांना लावलेल्या पट्ट्या घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजतात. या सगळ्याचा आलेख उमटतो, पण त्यातली एकही रेघ 'खोटं' दाखवत नाही. अंग चाळवलं एवढंच कळतं. कशानं चाळवलं, हे प्रश्नांच्या मांडणीवरून ठरवायचं, आणि खरी मेख तिथेच आहे.

समजा, दुकानाच्या गल्ल्यातून पैसे गेलेत. 'गल्ल्यातले पैसे तुम्ही घेतलेत का?' हा मुद्द्याचा प्रश्न. त्याच्या शेजारी तुलनेचा प्रश्न बसवतात : 'तुमच्यावर भरवसा ठेवणाऱ्याला तुम्ही आयुष्यात कधी फसवलंय का?' आधीच्या गप्पांत परीक्षक असं भासवतो, की भल्या माणसाचं याला उत्तर 'नाही'च असणार. आता छातीठोक 'नाही' म्हणताना कोण चाचरणार नाही? निरपराध माणसाला हा प्रश्न जास्त बोचेल आणि चोराला गल्ल्याचा, असं गृहीत धरलेलं असतं. 'चोराच्या मनात चांदणं' या म्हणीलाच तारा जोडल्यात म्हणा ना.

सगळे प्रश्न आधी वाचून दाखवतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. दोन प्रश्नांत पंचवीसेक सेकंद थांबतात, कारण घामाची लाट उठून ओसरायला तेवढा वेळ लागतो. किमान तीन फेऱ्या होतात. मग मुद्द्याच्या प्रत्येक प्रश्नाची शेजारच्या तुलनेच्या प्रश्नाशी तुलना करून, प्रत्येक रेघेला +3 ते −3 गुण देतात. गुण देण्याच्या एका रूढ पद्धतीत बेरीज +6 किंवा जास्त आली तर खरा, −6 किंवा कमी आली तर खोटा, मधे काहीही आलं तर 'निष्कर्ष नाही'.

म्हणजे चकवणाऱ्याला मुद्द्याच्या प्रश्नावर शांत राहण्याची गरज नाही. तुलनेच्या प्रश्नावर अंग मुद्दाम चाळवलं की बेरीज त्याच्या बाजूनं झुकते. जीभ चावणं, पायाची बोटं जमिनीवर दाबणं किंवा मनात सात-सात वजा करत जाणं, हे त्यासाठीच. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हे नीट शिकवलेल्या लुटुपुटीच्या 'गुन्हेगारां'पैकी सुमारे निम्मे सुटले.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे, कुठला प्रश्न तुलनेचा आहे हेच ओळखता येत नाही. दुसरं, वेळ चुकते. घामाची रेघ प्रश्नानंतर एक ते तीन सेकंदांत उठायला हवी. सहाव्या-सातव्या सेकंदाला उठलेली रेघ परीक्षकाच्या डोळ्यांत भरते. खुर्चीच्या बैठकीत आणि पायाखाली हालचाल टिपणाऱ्या गाद्या असतात, त्यामुळे मांडी आवळलेलीही दिसते. श्वास रोखला तर ती रेघ इतकी वेडीवाकडी होते, की चोरी तिथेच उघडी पडते. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी तर दोन्ही प्रश्नांवरचे चढउतार सारखेच दबतात. मग फरक उरत नाही आणि पुन्हा बसावं लागतं.

गंमत म्हणजे, सर्वांत गाजलेल्या फसवणुकीत यातलं काहीच नव्हतं. अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करत असताना 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्या पार करून गेला. 1994 मध्ये तो पकडला गेला. चाचणीपूर्वी त्याला मिळालेला सल्ला एवढाच होता : रात्री नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी गोडीगुलाबीनं वाग.

प्रश्न : कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष माणसानं चाचणी का नाकारावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण यंत्राला डर दिसतो, कर दिसत नाही. खोटा आरोप झालेल्या माणसाला 'खून तुम्ही केलात का?' हा प्रश्न खऱ्या खुन्यापेक्षाही जास्त हलवू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2003 मध्ये एक हिशेब मांडला होता. 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर आहेत असं धरा. त्यातले 8 पकडायचे म्हटलं, तर सुमारे 1,600 निरपराध लोकही संशयित ठरतात. निरपराधांचा आकडा चाळिसाच्या आसपास आणायचा म्हटलं, तर 8 हेर सुटतात. हेही चाचणी बऱ्यापैकी अचूक आहे असं मानून.

शिवाय घाबरून जीभ चावणाऱ्या निर्दोष माणसाला उलटाच फटका बसू शकतो. त्याचे गुण घसरतात.

कायदा स्पष्ट आहे. 5 मे 2010 रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क असतो. संमतीनं झाली तरी चाचणीचा निकाल स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र तिच्यातून मिळालेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर ती न्यायालयापुढे येऊ शकते. सही करण्यापूर्वी हा भेद वकिलाकडून नीट समजून घ्यावा.

प्रश्न : मग याहून भरवशाची पद्धत नाहीच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे. यंत्र तेच, प्रश्न वेगळे. 'तू घेतलेस का?' असं न विचारता, 'पैसे कशात होते?' असं विचारून पाच पर्याय वाचतात : पाकीट, डबा, पिशवी, लखोटा, रुमाल. रुमाल हे खरं उत्तर असेल, तर ते फक्त चोराला आणि तपासणाऱ्यांना ठाऊक असतं. अनभिज्ञ माणसाला पाचही सारखेच. रुमालावर योगायोगानं सर्वांत मोठी उसळी यायची शक्यता पाचात एक. असे पाच प्रश्न विचारले, तर पाचही वेळा तसं घडायची शक्यता 3,125 मध्ये एक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी 1959 मध्ये ही पद्धत मांडली आणि जपानचे पोलीस ती नेमानं वापरतात. चुकीच्या पर्यायांवर अंग चाळवून हीसुद्धा चकवता येते, पण निरपराध अडकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

अट एकच : तपशील बाहेर फुटता कामा नये. आपल्याकडे मात्र रुमालाचा फोटो दुपारच्या आत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरलेला असतो.