फोन चांगला चालतोय, तरी नवं मॉडेल आलं की घ्यावंसं वाटतं. हा मोह कसा आवरावा?

फोनमध्ये काहीच बिघाड नाही, तरी नवं मॉडेल जाहीर झालं की चैन पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर मनाशी झगडत बसू नका. फोन कधी बदलायचा ते आजच, समोर कुठलंही नवं मॉडेल नसताना ठरवून टाका. दरवर्षी नव्याने 'घेऊ की नको' सुरू झालं, की कधीतरी 'घेऊ' जिंकतंच.

तारीख ठरवायला पक्का आधार आहे: सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरमधल्या, हॅकरना वाट देणाऱ्या त्रुटी बुजवणारे बदल. तुमच्या मॉडेलला ते कधीपर्यंत मिळणार, हे कंपनीच्या साइटवर शोधा. गूगलने पिक्सेल 8 पासून (2023) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून (2024) सात वर्षांची हमी दिली आहे. स्वस्त मॉडेलना ही मुदत बरेचदा कमी असते. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात त्याचे अपडेट थांबले, तर तो बदलायला हे खरंखुरं कारण.

मधल्या काळात 'फोन स्लो झालाय' ही तक्रार येईलच. आधी स्टोरेज रिकामं करा, मग बॅटरी तपासा. बॅटरी झिजणारच, आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलमध्ये 500 पूर्ण चार्जिंगनंतर ती मूळ क्षमतेच्या 80 टक्के उरावी, असा ॲपलचाच हिशेब आहे. जुन्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरने त्यांचा वेग कमी केला जातो, हे याच कंपनीने 2017 मध्ये मान्य केलं होतं. त्या फोनची बॅटरी बदलली की वेग परत यायचा! नुसत्या बॅटरीपायी धडधाकट फोन काढून टाकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

आणि रिव्ह्यूचे व्हिडिओ बघणं बंद करा. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. तिथे दोन फोन शेजारी ठेवतात, फोटो भरपूर मोठा करतात आणि फरक दाखवतात. आपल्या हातात एका वेळी एकच फोन असतो, तेव्हा तो फरक कुणाला दिसतो?

अर्थात तुमचं कामच व्हिडिओ एडिटिंगचं असेल आणि फोन रोज अडत असेल, तर तारखेची वाट न बघता खुशाल घ्या.