चूक सांगायला कोणाकडे जायचं?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपला पेपर कंपनीनं घेतल्यापासून जिल्ह्याची पानं छत्रपती संभाजीनगरला लागतात, आपल्याकडच्या औराद शहाजानीची बातमी कर्नाटकातल्या औरादच्या नावावर छापली गेली, आणि तुला बातम्यांसोबत जाहिरातींचंही टार्गेट दिलंय. वाचून जीव तुटला. आधीचे संपादक नाना, त्यांच्या वेळी सगळं छान होतं, असं मात्र समजू नकोस. पगार दोन-दोन महिने थकायचा, सोयऱ्यांच्या लग्नांचे फोटो पहिल्या पानावर यायचे.

पण किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. पुढचे दिवस मृतांची नावं गावागावांतून चिठ्ठ्यांवर येत होती. एक चिठ्ठी पावसात भिजलेली, शाई पसरलेली. मी घाईत मुलाच्या जागी बापाचं नाव लावलं. तिसऱ्या दिवशी तो बाप डोक्याला पट्टी बांधून आमचा जिना चढून आला, थेट नानांच्या टेबलापुढे. "माझं नाव काढा, पोराचं घाला," एवढंच म्हणाला. नाना उठले, हात जोडले. त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि दुरुस्ती आपल्या हातानं लिहिली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर होती.

आता त्या बापानं कुठला जिना चढायचा?

कंपनीनं जुनं नाव ठेवलं म्हणून पेपर तोच राहत नाही. आ. कृ. वाघमाऱ्यांनी निजामाच्या काळात 'मराठवाडा' हे वृत्तपत्र काढलं. सरकारनं बंदी घातली की ते नाव बदलून अंक काढत, अन् वाचक तो आपलाच म्हणून हाती घेत.

तू नोकरी सोडू नकोस, घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण ज्याची बातमी करतेस त्याच्याकडे जाहिरात मागायला जाणार नाही, हे वरिष्ठांना लेखी दे. राग येईल त्यांना, येऊ दे. तुझ्या बातमीत चूक झाली, तर फोनवर भागवू नकोस, त्या माणसाच्या घरी जा.

आणखी एक. मागच्या गोदामात कापडी पुठ्ठ्याच्या जुन्या फायली आहेत. रद्दीवाल्याचा टेम्पो येण्याआधी रीतसर मागून घे आणि ग्रंथालयात पोचव. ९३ च्या ऑक्टोबरची फाईल आधी उचल, नानांची ती दुरुस्ती तिच्यात आहे.

तुझा,
काका